ऑपरेशनच्या तारखेसाठी पाच हजार मागतायत, द्यावेत का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): आम्ही सोलापूरचे, अक्कलकोट रोडला राहतो. अप्पा ७२ वर्षांचे आहेत. न्हाणीत पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. एका सरकारी रुग्णालयात दाखल केलंय, आज चौथा दिवस. मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेच्या टेबलावर सांगितलं, रेशनकार्डावरचं आडनाव आधारशी जुळत नाही, योजनेत बसत नाही. वॉर्डात एका कोऱ्या कागदावर ‘बॉल’ (खुब्यात बसवायचा धातूचा गोळा) लिहून दिला आणि एका ठरावीक दुकानाचं नाव सांगितलं. तिथे २२,००० रुपये सांगतात. एक्स-रेला न्यायला वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) दर वेळी २०० घेतात, तेही भावाच्या फोनवरून दिले. काल एकजण भेटला. ‘५,००० द्या, सोमवारच्या यादीत नाव घालतो’ म्हणाला. मी विड्या वळते, भाऊ टॉवेलच्या कारखान्यात आहे. भाऊ म्हणतो देऊन मोकळं होऊ. तक्रार केली तर अप्पांचे हाल करतील का?

उत्तर:

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. पाच हजार देऊ नका. बावीस हजारांचा बॉल अजून विकत घेऊ नका. आणि आजच अप्पांचं आधार कार्ड घेऊन पुन्हा योजनेच्या टेबलावर जा. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: अप्पांचं वय ७२. एवढं तुम्हाला त्याच दिवशी कळवलं होतं. अशाच पेचात असलेल्या इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून इथे सविस्तर लिहितो आहोत.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येकाला केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचं, मोफत उपचारांसाठीचं ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळतं. त्याला उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंग कोणी विचारत नाही. लागतं ते फक्त आधार, आणि वयही आधारवरचंच धरतात. म्हणून आधी कार्डावरची जन्मतारीख नीट वाचा. आपल्याकडे जुन्या माणसांच्या आधारवर अंदाजाने लावलेलं जन्मवर्ष असतं. घरी आपण ७२ म्हणतो आणि कार्डावर ६८ निघतं. आधारवर सत्तर पूर्ण असतील तर रेशनकार्डावरच्या आडनावाचा घोळ या कार्डाच्या आड येत नाही. कार्ड निघालं की त्याच दिवसापासून चालतं, थांबण्याचा काळ नाही. आजार आधीपासूनचा असला तरी चालतो.

कार्ड काढताना अडतं ते ओळख पटवण्यापाशी. ज्यांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र अंगठा घेत नाही. आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीचाच बंद झालेला असतो, म्हणून ओटीपीही येत नाही. तेवढ्यावर टेबलावरचा माणूस ‘होत नाही’ म्हणून मोकळा होतो. पण आयुष्मान ॲपमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे. ‘फेस ऑथ करून बघा’ असं स्पष्ट सांगा. अप्पांना टेबलापर्यंत न्यायची गरज नाही, फोन त्यांच्या खाटेपाशी आणता येतो. खोलीत उजेड भरपूर हवा, चष्मा आणि टोपी काढायची, आणि त्यांना डोळ्यांची उघडझाप करायला सांगायची. दोन-तीन वेळा फसलं तरी सोडू नका.

आता ‘योजनेत बसत नाही’ या उत्तराबद्दल. हे वाक्य ऐकून अनेकजण मागे फिरतात. या एका वाक्यात चार वेगवेगळ्या अडचणी लपलेल्या असू शकतात आणि चारींचे उपाय वेगळे. कागद जुळत नाहीत, ही एक. हवी ती शस्त्रक्रिया यादीत नाही, ही दुसरी. त्या रुग्णालयाला त्या विभागाची मान्यता नाही, ही तिसरी. आणि कुटुंबाची वर्षाची पाच लाखांची मर्यादा संपली, ही चौथी. आरोग्यमित्राला (योजनेच्या टेबलावरच्या माणसाला) विचारायचं, ‘यातलं नेमकं कुठलं?’ उत्तर त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यायचं, खाली नाव आणि तारीख. लिहून द्यायची वेळ आली की बऱ्याचदा उत्तरच बदलतं.

तुमची अडचण पहिली आहे. सोलापुरात ती फार दिसते, विशेषतः तेलुगू आडनावांच्या बाबतीत. रेशनकार्डावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, मतदार ओळखपत्रावर तिसरं. पुढे अख्ख्या घरालाच योजना लागणार आहे, म्हणून ती दुरुस्ती करून घ्याच. रेशन दुकानदाराकडून कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक घ्या आणि रेशनच्या परिमंडळ कार्यालयात नाव दुरुस्तीचा अर्ज द्या. पण अप्पांचं ऑपरेशन त्या दुरुस्तीपायी अडकवू नका. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची हेल्पलाइन १५५३८८ आहे, टोल फ्री क्रमांक १८०० २३३ २२००. वॉर्डातूनच फोन लावा, रुग्णाचं नाव, रुग्णालय, दाखल तारीख सांगा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. क्रमांक दिला नाही तर तक्रार नोंदलीच नाही असं समजा आणि परत फोन करा. आयुष्मानची देशपातळीवरची हेल्पलाइन १४५५५.

ही योजना सोलापूरला नवी नाही. २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत ती सुरू झाली, तेव्हा सोलापूर त्यात होतं. त्या वेळी नाव राजीव गांधी जीवनदायी होतं. २०१७ मध्ये नाव बदललं, १ एप्रिल २०२० पासून ती आयुष्मान भारतशी जोडली गेली, आणि पिवळ्या-केशरीच्या पुढे जाऊन पांढऱ्या कार्डवाल्यांनाही नंतर घेतलं. यादीही वाढली. २०२५ मध्ये ती १,३५६ उपचारांवरून २,३९९ वर नेण्याचा निर्णय शासनाने घेतला. त्यामुळे कोणी भिंतीवरची जुनी यादी दाखवून ‘नाही’ म्हणालं तर तिथेच थांबू नका.

आता बॉल. म्हाताऱ्या माणसाच्या मांडीच्या हाडाची मान मोडली की ती सहसा जुळत नाही, म्हणून वरचा गोळा काढून धातूचा बसवतात. त्याला डॉक्टर बायपोलर म्हणतात, वॉर्डात सगळे ‘बॉल’ म्हणतात. हाड त्याच्या खाली मोडलं असेल तर बॉलऐवजी रॉड बसवतात. तुमच्या अप्पांना नेमकं काय लागणार आहे ते केसपेपरवर लिहिलेलं असलं पाहिजे, एवढं आधी बघा.

योजनेच्या पॅकेजमध्ये शस्त्रक्रियेबरोबर इम्प्लांट, भूल, तपासण्या, औषधं, दाखल असतानाचं रुग्णाचं जेवण आणि घरी परतायचं एकवेळचं प्रवासभाडं धरलेलं असतं. डिस्चार्जनंतर ठरावीक दिवसांची औषधंही त्यातच येतात. म्हणजे योजनेत मंजुरी मिळालेल्या रुग्णाच्या घरच्यांनी बॉल विकत आणायचा प्रश्नच येत नाही. त्याचे पैसे योजनेतून रुग्णालयाला मिळतात. तुम्हीही दिलेत तर एकाच बॉलचे दोनदा पैसे जातात.

इथे एक बारकावा आहे, त्यात फार लोकांचं नुकसान होतं. मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी लागते. तिला प्री-ऑथ म्हणतात. घाईत बाहेरून सामान आणलं, ऑपरेशन उरकलं आणि मग ‘आता योजनेत घाला’ म्हटलं, तर बहुतेक वेळा होत नाही. खरोखरीच्या आणीबाणीत रुग्णालय फोनवर कळवून उपचार सुरू करू शकतं आणि कागद मागाहून जोडता येतात, पण तेही रुग्णालयाने कळवलं असेल तरच. ‘आत्ता पैसे भरा, नंतर योजनेतून परत मिळतील’ असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. रुग्णाच्या खात्यात पैसे टाकण्याची रीत या योजनेत नाही.

कोऱ्या कागदावरची चिठ्ठी जपून ठेवा आणि तिचा फोटो काढा. मग युनिटच्या (अप्पांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या गटाच्या) वरिष्ठ डॉक्टरांच्या राउंडच्या वेळी शांतपणे विचारा, ‘सर, हे सामान बाहेरून आणायचं असेल तर केसपेपरवर लिहून सही-शिक्का देता का? रुग्णालयात साठा नाही असंही त्यावर लिहा.’ आवाज चढवायचा नाही, आरोप करायचा नाही. साठा नसेल तर स्थानिक पातळीवर खरेदी करण्याची तरतूद रुग्णालयाकडे असते, तिचा वापर करायला सांगा. पुष्कळदा वरिष्ठांना त्या चिठ्ठीची कल्पनाही नसते आणि दुकानाचं नाव खालच्या खाली फिरत असतं. ठरावीक दुकान सांगणं, त्यातून कमिशन घेणं हे वैद्यकीय आचारसंहितेत बसत नाही. २००२ च्या नियमावलीत कमिशन घ्यायला आणि द्यायला स्पष्ट मनाई आहे, आणि औषध जेनेरिक नावाने, वाचता येईल असं लिहिण्याबद्दलही त्यात सांगितलं आहे. तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. पण आत्ताच्या घटकेला तिचा उपयोग नाही, ती अप्पा घरी आल्यावर करा.

कोणी ‘योजनेतला बॉल हलका असतो, इम्पोर्टेड घ्या’ म्हणालं तर कुठल्या कारणाने हलका, ते लिहून मागा. ७२ वर्षांच्या माणसाला घरात, गल्लीत, देवळापर्यंत चालायचं आहे. त्यासाठी योजनेतलं साधं, प्रमाणित इम्प्लांट पुरतं. वरच्या पैशांनी त्यांची चाल सुधारत नाही.

आता त्या पाच हजारांकडे येऊ. हाडाच्या विभागात प्रत्येक युनिटचे ऑपरेशनचे वार ठरलेले असतात. सोमवार हा तुमच्या युनिटचा ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) वार असण्याची दाट शक्यता आहे. मग तो माणूस तुम्हाला विकत होता ते मुळात तुमचंच होतं, आपल्याच नावावर आरक्षित असलेलं तिकीट आपल्यालाच जादा पैशांत विकावं तसं. हे तपासायचं तर निवासी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. भुलीच्या डॉक्टरांनी फिटनेस दिला का? प्री-ऑथ पाठवलं का? रक्त राखून ठेवलंय का? आपल्या युनिटचा ओटीचा वार कोणता? चारही उत्तरं वहीत लिहून ठेवा. ज्याचं उत्तर ‘नाही’ येईल तिथे खरी अडचण आहे, आणि ती पाच हजारांनी सुटणारी नाही. हिमोग्लोबिन कमी असलं, शुगर वाढलेली असली, ईसीजीत काही दिसल्यामुळे टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितली असली, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तर भूलतज्ज्ञ थांबवतात. ते थांबवणं योग्यच आहे. पैसे देऊन फिटनेस ‘करून घेतला’ तर टेबलावर जीव अप्पांचा जाईल.

तरीही उशीर हा विषय गंभीर आहे, आणि दलालाचं सगळं बळ त्यातच असतं. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांचं ऑपरेशन शक्यतो पहिल्या एक-दोन दिवसांत व्हावं असं मानतात. पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरांत गुठळ्या धरतात. तुमचा चौथा दिवस आहे, म्हणून वरची विचारपूस आजच करा, उद्यावर टाकू नका. तोवर सिस्टरांना विचारून दर दोन तासांनी अप्पांची पाठ थोडी मोकळी करा, टाचेखाली घडी घातलेलं कापड ठेवा म्हणजे टाच गादीला टेकणार नाही, आणि जागे असताना दर तासाला दहा-बारा खोल श्वास घ्यायला लावा. पाणी कमी पाजू नका. लघवीला न्यावं लागेल म्हणून घरचे पाणी तोडतात, तसं केलं की म्हातारं माणूस भ्रमल्यासारखं बोलायला लागतं.

त्या माणसाबद्दल एक गोष्ट आधी बघून घ्या. त्याच्या गळ्यात ओळखपत्र आहे का? कित्येकदा असा माणूस रुग्णालयाचा नसतोच, आवारात फिरणारा असतो. तो कर्मचारी असो, कंत्राटी असो की बाहेरचा मध्यस्थ, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग त्याच्यावर कारवाई करू शकतो. टोल फ्री क्रमांक १०६४. विभागाचं कार्यालय सोलापुरातही आहे, पुण्याला जावं लागत नाही.

तिथे काय होतं हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस ऐनवेळी कचरतो. तक्रार भावाच्या नावाने दिली तरी चालते. आधी पडताळणी होते. दोन पंचांच्या समोर तुम्हाला एक छोटा व्हॉइस रेकॉर्डर देतात आणि त्या माणसाशी बोलायला सांगतात. मागणी नोंदली गेली की सापळा ठरतो. नोटा तुमच्याच असतात. त्यांचे क्रमांक पंचनाम्यात लिहितात आणि त्यांना अँथ्रासीनची पावडर लावतात. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, अतिनील दिव्याखाली चमकते. घेणाऱ्याच्या बोटांवर, खिशावर ती सापडते. या सगळ्यात तुमची एकच जबाबदारी असते: त्याने मागितल्याशिवाय पैसे पुढे करायचे नाहीत. मागणी सिद्ध होणं हा खटल्याचा कणा आहे. ‘हे घ्या हो साहेब’ म्हणून हातात कोंबले तर बचावाचा वकील तेवढ्यावर खटला पाडतो. नोटांची रक्कम विभाग तक्रारदाराला नंतर परत करतो. गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तक्रारदाराचं नाव आरोपीला कळतं आणि काही वर्षांनी कोर्टात साक्षीला जावं लागतं. ती तयारी नसेल तर सापळ्याचा आग्रह धरू नका. प्रशासनाकडे लेखी तक्रार हाही खरा मार्ग आहे, त्याबद्दल खाली सांगतो.

भावाला मात्र एक नीट समजावून सांगा. २०१८ मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून लाच देणं हाही गुन्हा आहे. ज्याला द्यायला भाग पाडलं त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर तो गुन्हेगार ठरत नाही. सापळ्यासाठी आधी कळवून दिलेले पैसेही गुन्ह्यात धरत नाहीत. मामांना फोनवरून दिलेल्या दोनशे-दोनशेंच्या नोंदी म्हणूनच पुसू नका. तारखा बघा आणि सात दिवस उलटायच्या आत लेखी कळवा. संभाषण रेकॉर्ड केलं असेल तर मूळ फोनमध्येच राहू द्या. तुकडे करून व्हॉट्सॲपवर फिरवलं की पुराव्याची किंमत जाते. वॉर्डात व्हिडिओ काढू नका, त्यात दुसऱ्यांचे रुग्ण येतात. धक्काबुक्की, शिवीगाळ तर अजिबात नको. आरोग्यसेवकांवरील हिंसेविरुद्ध राज्यात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खरी तक्रार असलेला माणूस एका थपडेपायी आरोपी होऊन बसतो.

मामांच्या दोनशे रुपयांसाठी १०६४ लावायचं का? लावता येतं, पण आम्ही आधी इन्चार्ज सिस्टर आणि मग मेट्रनकडे (मुख्य परिचारिकेकडे) जायला सांगू. स्ट्रेचर ढकलणं हे त्यांचं नेमून दिलेलं काम आहे. पुढच्या वेळी मामांनी हात पुढे केला की एवढंच म्हणा, ‘मामा, पावती मिळत असेल तर देते.’ यापुढे वाद वाढवू नका. हेही लक्षात असू द्या की कंत्राटी माणसांचे पगार रखडतात आणि एकेका पाळीत दोन-दोन वॉर्ड त्यांच्याच गळ्यात पडतात. ते चूकच आहे आणि त्याचा जाब त्यांच्या ठेकेदाराला विचारायला हवा. पण त्याची भरपाई विड्या वळणाऱ्या बाईने करायची नसते.

तुमच्या पत्राचं ओझं शेवटच्या ओळीवर आहे: तक्रार केली तर अप्पांचे हाल होतील का. ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. ती कमी करण्याचे मार्ग मात्र आहेत. वॉर्डातल्या कर्मचाऱ्याशी तोंडी भांडून आलात तर धोका सगळ्यात जास्त, कारण वर कोणालाच काही माहीत नसतं. लेखी तक्रार वर पोहोचली की उलट नजर बसते, अप्पांना काही झालं तर जाब द्यावा लागेल हे सगळ्यांना कळतं. म्हणून तक्रार एका पानात, तीन प्रतींत लिहा. तारीख, वेळ, वॉर्ड, काय मागितलं, किती दिले, एवढंच. माणसाचं नाव ठाऊक नसेल तर पाळी आणि वर्णन लिहा. ऐकीव काही घालू नका. शेवटी मागणी एक ओळीची: ‘वडिलांची शस्त्रक्रिया योजनेतून, विनामूल्य, ठरलेल्या वारी व्हावी.’ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असेल तर वैद्यकीय अधीक्षक आणि अधिष्ठाता यांच्याकडे, जिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. आवक विभागात एक प्रत देऊन दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. शिक्क्याशिवाय दिलेलं पत्र कोणाच्याही टेबलाच्या खणात जातं. तिसरी प्रत योजनेच्या जिल्हा समन्वयकाला द्या. आणि जे डॉक्टर, ज्या सिस्टर नीट वागल्या त्यांची नावंही त्याच पत्रात लिहा. त्याने वॉर्ड तुमच्याविरुद्ध एक होत नाही. खरं तर तिथली बहुतेक माणसं कष्टाने काम करतात आणि चारदोघांच्या वसुलीची बदनामी त्यांच्याही माथी येते.

दाद लागली नाही तर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन आहे, ‘आपले सरकार’वर ऑनलाइन तक्रार आहे. इम्प्लांटच्या साठ्याची नोंद माहिती अधिकारात मागता येते. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवस. ही कामं मात्र ऑपरेशननंतरची.

कायदेशीर शुल्क कोणतं तेही सांगतो, नाहीतर रास्त पैशांवरूनही भांडण होतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळीकडे तपासणी आणि उपचार निःशुल्क केले. आपलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. ते वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतं आणि तो निर्णय आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरता होता. म्हणून केसपेपर किंवा काही तपासण्यांचे पैसे घेतले तर ती लाच नव्हे. मात्र ते खिडकीवर, छापील पावतीवर आणि लावलेल्या दरफलकाप्रमाणेच घेतले पाहिजेत. तेवढेही परवडत नसतील तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, सवलतीची शिफारस ते करतात. 

सोमवारीही ऑपरेशन झालं नाही आणि कारणही कोणी सांगत नसेल, तर आरोग्यमित्राकडून योजनेतल्या दुसऱ्या रुग्णालयात हलवण्याची तजवीज करता येते, १५५३८८ वर हाडाच्या विभागाची मान्यता असलेल्या जवळच्या रुग्णालयांची नावं मिळतात. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखीव असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला आत्ताच काढायला टाका. भावाच्या कारखान्यात ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर वडील त्याच्यावर अवलंबून आहेत का, त्यांचं नाव कार्डावर घालता येईल का, हेही विचारा.

ऑपरेशन झालं की दोन कागद नजरेतून सोडू नका. बॉलच्या खोक्यात चिकटपट्ट्या येतात, त्यांवर कंपनी, माप आणि लॉट क्रमांक छापलेला असतो. त्यातली एक केसपेपरवर चिकटवलेली दिसली पाहिजे. तिचा फोटो काढून ठेवा, पुढे कधी सांधा दुखला तर डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. आणि डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागा. केसपेपरची प्रत लेखी मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी असा नियम आहे. तोवर काही औषधं बाहेरून आणली असतील तर त्यांची मूळ बिलं जपा. बिलावर अप्पांचं नाव, डॉक्टरांचं नाव, बॅच क्रमांक हवा. योजनेत मंजुरी असताना करावा लागलेला खर्च रुग्णालयाकडून परत मिळावा असा अर्ज त्याच बिलांसह जिल्हा समन्वयकाकडे करायचा असतो.